शिफारसपत्रांची अक्का

शेवट चांगला झालाय हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना तुमच्या जिवाला घोर नको. माझ्या जिवाला तो एक अख्खा दिवस होता, तेवढा पुरे. आमच्या कॉलेजातल्या कितीतरी पोरांची शिफारसपत्रं ज्या बाईंनी वेळेवर मार्गी लावली, त्यांची स्वतःची नोकरी मी फोनवर दिलेल्या एका उत्तरामुळे जवळजवळ गेली होती. गेली नाही, म्हणून हे लिहायला मला तोंड तरी आहे.

ताथवड्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी मेकॅनिकलला शिकवते. अक्का आमच्या डिपार्टमेंटच्या ऑफिसात क्लार्क होत्या. मूळच्या लातूरकडच्या, राहायला काळेवाडीत, नवरा भोसरीला पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये. शिक्षण बारावी. एका एजन्सीमार्फत कंत्राटावर लागलेल्या, त्यामुळे त्यांची हजेरी, पगार, कागदपत्रं सगळं एजन्सीकडे. आमच्या वाट्याला नुसत्या अक्का आल्या होत्या. पोरं अक्का म्हणायची, शिपाई अक्का म्हणायचा, आणि प्रिन्सिपॉलसाहेबसुद्धा "मेकॅनिकलच्या अक्कांना पाठवा" असंच म्हणायचे. ओळखपत्र गळ्यात घातलं की त्याची दोरी झेरॉक्स मशीनमध्ये अडकते, म्हणून ते कायम ड्रॉवरमध्ये.

आता ही शिफारसपत्रांची भानगड काय असते ते सांगते. पोराला बाहेरदेशी एमएसला जायचं असलं की दोन-तीन प्राध्यापकांची पत्रं लागतात. पत्र म्हणजे हल्ली कागद नव्हे. तिकडचं विद्यापीठ सरांच्या मेलवर लिंक पाठवतं. ती लिंक हमखास स्पॅममध्ये जाऊन बसते. सर ती उघडत नाहीत, उघडली तर पासवर्ड विसरतात, पासवर्ड सापडला तर पत्र चढवतात आणि शेवटचं बटण दाबायचं ठेवून चहाला जातात. तिकडे पोराच्या जिवाचं पाणी पाणी होतं. सरांना आठवण करायची म्हणजे भीती, न करावी तर वर्ष वाया. या दोघांच्या मधे अक्का उभ्या असायच्या.

त्यांच्या खुर्चीमागे एका हार्डवेअरच्या दुकानाचं कॅलेंडर होतं आणि त्याच्यावर टिकल्या. खऱ्या, कपाळाला लावायच्या. लाल टिकली म्हणजे जर्मनी, हिरवी म्हणजे अमेरिका, निळी म्हणजे नोकरी. प्रत्येक टिकली शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी चिकटवलेली, कारण खरी तारीख सांगितली की पोरं खऱ्या तारखेलाच उगवतात असं त्यांचं म्हणणं. पत्र पोचलं की टिकली काढायची आणि लोखंडी कपाटाच्या बाजूला लावायची. "पोचलं लेकरू," असं स्वतःशीच म्हणायच्या. ती कपाटाची बाजू वरपासून खालपर्यंत टिकल्यांनी भरली होती. तपासणीला आलेल्या समितीतल्या एका बाईंनी हे काय म्हणून विचारलं, तर अक्का म्हणाल्या, "आमचा प्लेसमेंटचा रिपोर्ट हाय."

पोरगं पत्रासाठी आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "सरांनी तुझं काय बघितलंय?"

पोरगं गोंधळायचं. आमच्याकडे रिवाज असा की पोरानंच आपलं पत्र लिहून आणायचं आणि सरांनी खाली सही ठोकायची. पोरं ते पत्र सीनियरकडून व्हॉट्सअॅपवर मागवून नाव तेवढं बदलतात. एकदा एकाच दिवशी तीन पोरांनी असली पत्रं आणून ठेवली. तिन्हींत लिहिलेलं की माझ्या संपूर्ण कारकिर्दीतला हा सर्वोत्तम विद्यार्थी आहे. अक्कांनी तिन्ही कागद आमचे विभागप्रमुख थोरात सर यांच्यापुढे ओळीनं मांडले आणि म्हणाल्या, "सर, तिघंबी एक नंबर. बसवायचं कुठं एवढ्यांना?" सरांनी तिघांनाही हाकललं. मग अक्कांनी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून कोरे कागद दिले. "खरं घडलेलं लिवा. सर कवा रागावले, कवा शाबास म्हणले, कुठलं मशीन कुणामुळं बंद पडलं. पाच ओळी. मग सर लिहितेत." त्यातल्या एकाला दोन तास काही आठवेना. त्याला म्हणाल्या, "जा, सहा महिने सरांना तोंड दाखव, मग ये." तो खरंच पुढच्या वर्षी आला.

त्यांचा दुसरा नियम लोखंडी होता: न विचारता कुणाचं नाव अर्जात घालायचं नाही. एका मुलानं मला न विचारता माझं नाव दिलं, तेव्हा त्याला त्यांनी पोर्चमधून परत वर बोलावून माझ्यासमोर उभं केलं होतं. माफी मागून झाल्यावर खाली जाताना त्याला चहा पाजला, ती गोष्ट वेगळी.

प्राध्यापकांना त्या कशा सांभाळायच्या हे मला फार उशिरा कळलं. थोरात सरांकडे सोमवारी जायचं नाही, सही चहानंतर. आणि माझ्याबद्दल पोरांना काय सांगायच्या ते एकदा मी दाराआडून ऐकलं. "मॅडम मनानं चांगल्या हायत, पण चिडक्या. तास संपला की लगेच जाऊ नको. डबा खाऊ दे." मी दारातून तशीच मागे फिरले आणि डबा खाल्ला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं होतं.

थोरात सर चाकणजवळच्या एका गावचे. वर्गात शुद्ध बोलतात, चिडले की गाव बाहेर येतं. त्यांच्या भाचीच्या लग्नाची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. पल्लवी नावाच्या एका मुलीचं पत्र सरांनी लिहून ठेवलेलं, पण शेवटचं बटण राहिलेलं. मुदत त्याच दिवशी दुपारी संपणार, ओटीपी येणार सरांच्या मोबाईलवर, आणि सर चाकण रोडला मंगल कार्यालयात, नवरीचे मामा म्हणून. फोन सायलेंटवर, जाकिटाच्या खिशात. अक्कांनी डिपार्टमेंटचा लॅपटॉप कापडी पिशवीत घातला, भोसरीपर्यंत बस, पुढे शेअर रिक्षा, आणि थेट मांडवात. अंतरपाट धरलेला, सर नवरीच्या मागे उभे.

"सर, मोबाईलवर सहा आकडे आलेत का बगा."

"अक्का, आवं मंगलाष्टका चालल्यात!"

"चालू द्या की. सहाच आकडे हायत."

सरांनी आकडे सांगितले. वाजंत्रीत शेवटचे दोन अक्कांना ऐकू आले नाहीत, ते नवरीनं मान वळवून सांगितले. अक्कांनी बटण दाबलं, अक्षता टाकल्या, जिलबी खाल्ली आणि चार वाजता ऑफिसात हजर झाल्या. पल्लवी आता जर्मनीत आहे.

आणि नोकरीच्या शिफारशी म्हणजे फोन. पोरगं कुठल्या कंपनीत लागलं की तिथून किंवा त्यांनी नेमलेल्या एजन्सीकडून विचारपूस व्हायची. आता दरवर्षी दीडशे पोरं आमच्या हाताखालून जातात. चेहरे लक्षात राहतात, नावं नाहीत. पण आमच्या डिपार्टमेंटमधला एकही प्राध्यापक असल्या फोनला कधी अडखळला नाही. कारण सकाळी येऊन बघावं तर टेबलावर काचेखाली एक चिठ्ठी सरकवलेली असायची. पूर्ण नाव, कुठली बॅच, प्रोजेक्ट कशावर, आणि शेवटची ओळ स्वभावाची. "लाजाळू, पण काम सोडून जात नाही." "तोंडाळ, मनात काही नाही." आम्ही ती चिठ्ठी वाचून रुबाबात बोलायचो आणि पलीकडच्याला वाटायचं, काय आपुलकी आहे हो या कॉलेजात.

गेल्या वर्षी कॉलेजनं ठरवलं की प्रत्येक डिपार्टमेंटचं वेगळं ऑफिस नको, सगळं तळमजल्यावर एका खिडकीत आणायचं. कंत्राटी माणसं महिनाअखेरीला बंद. आम्ही सगळे अरेरे म्हणालो. मी तर "अक्का, तुम्हाला कुठंही मिळेल हो" असं म्हणून तासाला निघून गेले. कुठे मिळेल, कोण देईल, पंचेचाळिशीच्या बारावी पास बाईला, हा विचार मी जिना चढेपर्यंतसुद्धा केला नाही. त्यांच्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष चालू होतं आणि नवऱ्याच्या कंपनीत आठवड्यातून तीनच दिवस काम होतं, हे मला माहीत होतं. माहीत असून म्हणाले, कुठंही मिळेल.

 अक्कांनी गुपचूप चाकणच्या एका कंपनीत अर्ज केला. गाड्यांच्या सीटा बनवणारी कंपनी, तिथल्या ट्रेनिंग विभागात शिकाऊ पोरांची कागदपत्रं सांभाळायचं काम. मुलाखत झाली. ओळखीच्या दोन वरिष्ठांची नावं-नंबर मागितले. अक्कांनी थोरात सरांचं दिलं आणि माझं.

आम्हाला न विचारता.

त्या दिवशी माझ्याकडे तोंडी परीक्षा होती. बाहेरचे परीक्षक येऊन बसलेले, एका पोराला बेअरिंग म्हणजे काय ते सांगता येईना, आणि सकाळपासून दोनदा कर्ज हवंय का म्हणून फोन आलेले. तिसरा आला. एक मुलगी हिंदीत विचारत होती, राजश्री व्यंकट बिराजदार आपके यहाँ काम करती हैं क्या? मी म्हटलं, इस नाम का कोई नहीं है यहाँ, और फोन मत कीजिए. आणि कट केला. चांगला ठणकावून.

दुपारी अक्का मार्कांच्या याद्या सहीला घेऊन आल्या. मी सह्या करता करता कुरकुर करत होते. "काय हो हे फोन! आता तर माणसंच शोधायला लागलेत माझ्याकडे. कोण ती राजश्री बिराजदार, मी काय पोलीस चौकी आहे?"

याद्या उलटणारा त्यांचा हात थांबला.

"तुमी काय सांगितलं, मॅडम?"

"सांगितलं, या नावाचं इथं कुणी नाही."

त्यांनी याद्यांचा गठ्ठा नीट करून टेबलावर ठेवला. मग अगदी हळू म्हणाल्या, "ती मीच की, मॅडम."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नऊ वर्षं. मी इथं लागल्यापासूनची नऊ वर्षं त्या बाईनं माझा डबा झाला का नाही हे बघून पोरं माझ्याकडे सोडली, आणि मला तिचं नाव माहीत नव्हतं. फोनमध्येसुद्धा "अक्का ऑफिस".

मी त्यांना ओढतच थोरात सरांच्या केबिनमध्ये नेलं. म्हटलं, निदान सरांनी तरी बरोबर सांगितलं असेल. सर म्हणाले, "मलाबी आला व्हता की फोन! मी म्हनलं, आमच्यात अशी कोनबी न्हाई." मग त्यांनी अक्कांच्या तोंडाकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

अक्कांच्या मोबाईलवर कंपनीचा मेल येऊन पडला होता. दिलेल्या दोन्ही व्यक्तींनी ओळख नाकारल्यामुळे अर्जाचा विचार करता येणार नाही. निवडलेल्यांची यादी आज संध्याकाळी पाचला लागणार. घड्याळात सव्वादोन वाजले होते. सकाळच्या नंबरवर उलट फोन केला तर नुसती टेप वाजत होती.

"अहो पण विचारलं का नाहीत मला?" मी त्यांच्यावरच ओरडले. माझी सवय. "पोरांना एवढा नियम लावता!"

"आले होते विचारायला. दोनदा," अक्का म्हणाल्या. "एकदा तुमी पेपर तपासत होता. एकदा दारातूनच मागं फिरले. मनलं, मॅडमनं विचारलं की तुमच्याबद्दल काय सांगू, तर मी काय बोलणार? लेकरांनी गिअर केलेत, इंजिन केलेत. मी टाचण्या मारल्यात. राहू द्या आता. तुमी खरंच बोललाव, तुमची चूक न्हाई."

आमची चूक नाही म्हणे! मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. थोरात सर उठले. "राहू द्या म्हनं! मॅडम, तुमी पत्र लिवा. मी गाडी काढतो."

मी लिहायला बसले. सिन्सिअर, हार्डवर्किंग, पंक्च्युअल असं टाईप केलं आणि पुसलं. ही तर व्हॉट्सअॅपवरची पत्रं. मी काय बघितलंय? मग लिहीत सुटले. टिकल्या लिहिल्या, तीन सर्वोत्तम विद्यार्थी लिहिले, मंगल कार्यालय लिहिलं, काचेखालच्या चिठ्ठ्या लिहिल्या. त्यांच्या टेबलावरून गेलेलं एकही पत्र उशिरा पोचल्याचं मला माहीत नाही, हे लिहिलं. आणि आज सकाळी आम्ही दोघांनी काय केलं आणि का केलं, तेही लाज न बाळगता लिहिलं.

छापून झालं तर शिक्का हवा. डिपार्टमेंटचा शिक्का अक्कांच्या ताब्यात. अक्कांनी कपाटाची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "माझ्याच पत्रावर मी शिक्का मारणार न्हाई. बरं दिसत न्हाई ते." आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या. विभागप्रमुख आणि मी, दोघं त्या कपाटात दहा मिनिटं उचकापाचक करत होतो. नोकरी वाचवायची म्हणून घाई, आणि शिक्का सापडेना. शेवटी बिस्किटाच्या डब्यात सापडला. मी मारला, तो तिरका उमटला.

निघताना अक्कांनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. राजश्री व्यंकट बिराजदार. बारा वर्षं मेकॅनिकल ऑफिस. पत्रव्यवहार, परीक्षेचे कागद, शिफारसपत्रं. शेवटची ओळ, स्वभावाची, कोरी होती. गाडीत बसून ती मी भरली.

भोसरीपर्यंत बरं होतं. मोशीच्या पुढे ट्रेलरच्या मागे ट्रेलर. साडेतीन वाजले, पावणेचार वाजले, गाडी पुढे सरकेना. मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. चाकणच्या अलीकडे सरांनी एकदम डावीकडे कच्च्या रस्त्याला गाडी घातली. "सर, हा रस्ता कुठं जातो?" "माझ्या मामाच्या वावरातनं जातो. गप बसा." कोणाच्या तरी गोठ्याला वळसा घालून, दोन म्हशी बाजूला करवून आम्ही साडेचारला कंपनीच्या गेटवर उभे.

आत सोडेनात. अपॉइंटमेंट नाही. बऱ्याच मिनतवारीनंतर एचआरची एक तरुण मुलगी बाहेर आली. पत्र शांतपणे वाचलं आणि म्हणाली, "सर, मॅडम, सकाळी तुम्ही दोघं म्हणालात ओळखत नाही. आता म्हणताय नऊ-बारा वर्षं ओळखतो. मी कशावर विश्वास ठेवू?"

बरोबरच होतं तिचं. मी तरी कुठे ठेवला असता? पत्र आम्हीच लिहिलेलं, शिक्का तिरका.  मग सरांनी खिशातून मोबाईल काढला, "अक्का डिपार्टमेंट" उघडलं आणि तिच्यापुढे धरला. "पोरी, ह्यो नंबर तुझ्या फायलीतल्या बिराजदार बाईंच्या नंबराशी लावून बघ." मीही माझा काढला. "अक्का ऑफिस." तिनं फाईल उघडली, एकेक आकडा बोट ठेवून ताडून पाहिला. दोन्हीकडे तोच.

ती जरा हसली. मग हसू आवरून म्हणाली, "आमच्याकडे स्वयंपाकाला येतात, त्यांचं नाव मलाही माहीत नाही."  मग तिनं पत्रावर तारीख टाकून सही केली. "पाचच्या आत यादीत नाव घालते. पत्र चांगलं आहे. असं पत्र येत नाही आमच्याकडे."

हुश्श! गेटशेजारच्या कट्ट्यावर मी बसकणच मारली.  सरांनी रसवंतीतून दोन ग्लास उसाचा रस आणला आणि दोन्ही ग्लास स्वतःच प्यायले, इतके ते सैरभैर झाले होते. मी अक्कांना फोन लावला. "अक्का, झालं. यादीत नाव लागतंय."

 पलीकडून आलं, "शिक्का सरळ उमटला का, मॅडम?"

"तिरका."

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या, आणि मग बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचं ऐकू येत होतं. मीही तिकडे कट्ट्यावर तेच करत होते.

त्या कॉलेज सोडून गेल्यावर त्यांची गाठ एकदाच पडली. या जानेवारीत मी तिसऱ्या वर्षाची पोरं घेऊन त्याच कंपनीत शॉप फ्लोअर बघायला गेले होते. गेटवरच्या रजिस्टरमध्ये एक रकाना होता, कंपनीत आपल्याला कोण ओळखतं. मी नीट पूर्ण नाव लिहिलं, राजश्री व्यंकट बिराजदार. गार्डनं आत फोन केला, "बिराजदार मॅडम, गेटवर पाहुणे आहेत." पाच मिनिटांनी त्या आल्या. पायात सेफ्टी शूज, साडीवर कंपनीचं जॅकेट, तब्येत जरा सुधारलेली. मला बघून हसल्या, पण गार्डसमोर एकदम ऑफिसरबाई. गार्डनं नियमाप्रमाणे विचारलं, "ओळखता ना मॅडम यांना? कशा आहेत?"

अक्कांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"ओळखते की. चिडक्या हायत. फोनवर तर ह्यांच्याशी बोलूच नका. पण चुकलं तर त्याच दिवशी निस्तरायला येतेत."

आणि त्यांनी माझ्या नावापुढे सही केली. गार्डनं पास फाडून माझ्या हातात दिला.